मोरू हिलमची लाल फडकी

मोरू हिलमला वरसे गावात कुणी नावाने हाक मारत नाही. पाठीवर तणनाशक फवारायचा पंप घेऊन फिरतो म्हणून सगळे ‘पंपवाला’ म्हणतात. रोह्याहून येताना नव्या इमारतींच्या मागे कातकऱ्यांची वाडी आहे, तिथलं शेवटून दुसरं घर त्याचं. पावसाळ्यात कुणाच्या आवारात गवत माजलं, कुंपणावर टणटणी चढली, की वाडीत निरोप जातो. मोरू येतो, पण लगेच कामाला लागेल तर तो मोरू कसला! आधी चौकशी. वारा आहे? मग आज नाही. दुपारनंतर पाऊस येईलसं वाटतंय? मग उद्याही नाही. विहीर किती लांब? कोंबड्या कोंडल्या का? औषधापेक्षा हा माणूसच जास्त डोकं उठवतो, असं लोक म्हणतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच बोलावतात.

हा काटेकोरपणा त्याला कुणी शिकवला नव्हता, तो त्याच्या नशिबी आला होता. तरुणपणी तो पेण तालुक्यात, डोलवीच्या बाजूला, एका ठेकेदाराकडे रस्त्याकडेचं गवत मारायला होता. उघड्या अंगाने, हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. त्याचा आतेभाऊ जनू बरोबरीला असायचा. एकदा उरलेलं तणनाशक कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून झाडाखाली ठेवलं आणि भर दुपारी तहानेने कासावीस झालेल्या जनूने ती बाटली तोंडाला लावली. पंधरा दिवसांनी जनू गेला. तेव्हापासून मोरू औषधाचा डबा कुलपात ठेवतो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, पंप तीन पाण्यांनी धुतो, आणि ते धुवण ओढ्यात न ओतता त्याच रानात परत मारतो. हे सगळं तो लोकांना इतक्यांदा ऐकवतो की वाडीतल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ झालं असावं.

पण त्याची खरी ओळख म्हणजे लाल फडकी. वाडीतल्या बायका पावसाळाभर रानभाजी खुडत हिंडतात. टाकळा, कुर्डू, भारंगी. औषध मारलेलं रान पहिले तीन-चार दिवस हिरवंगारच दिसतं, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. पाटी लावावी, तर ती वाचणार किती जणी? म्हणून मोरू फवारा मारला की चारी बाजूंनी काठ्या रोवायचा आणि प्रत्येक काठीला लाल फडकं बांधायचा. जिथे लाल दिसेल तिथली काडी तोडायची नाही, हे वाडीत लहानथोरांना ठाऊक.

ही फडकी होती त्याच्या बायकोच्या, पारीच्या, लग्नाच्या लुगड्याची. पहिल्या वर्षी मोरू लाल कापड शोधत घरभर फिरत होता, तेव्हा पारीने पेटीतून ते लुगडं काढलं आणि स्वतःच्या हाताने टराटरा फाडलं. “पेटीत ठेवून वालवीला घालू काय? कुणाचा जीव वाचंल,” म्हणाली. अठरा तुकडे झाले. पुढे नळावर पाणी भरताना ती हटकून सांगायची, “आमच्या ह्यांचं फडकं म्हंजे फडकं. कदी चुकायचं नाय.” मोरू ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि मनातून फुलायचा.

गेली चार वर्षं मोरूचं मुख्य काम नाओमीबाईंच्या जागेवर होतं. नाओमीबाई रोहेकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांच्या लोकांची घरं रोह्यात आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. भाऊ, चुलत भाऊ सगळे इस्रायलला गेले. बाई मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि वरसेला वडिलांच्या दोन एकरांवर राहायला आल्या. जागा बघवत नव्हती. रानमोडी नावाच्या तणाने सगळं गिळलं होतं. “मोरू, माझ्या लहानपणी इथे भादव्यात पाय ठेवायला जागा नसायची, इतकी फुलं असायची. सोनकी, कवला, कुर्डू, तेरडा. मला ती परत हवीत,” त्या म्हणाल्या. मोरूला आधी हसू आलं. लोक गवत मारून फरशी घालतात, ही बाई गवत मारून गवत लावणार!

पण काम सुरू झालं तसा तो त्यात रमला. दरवर्षी एकेक पट्टी घ्यायची. उघडीप बघून त्या पट्टीतलं सगळं मारायचं. जमिनीत दडलेलं तण पुन्हा उगवलं की पुन्हा मारायचं. दोनदा-तीनदा असं झालं की मग डोंगरावरून गोळा केलेलं रानफुलांचं बी टाकायचं. एकदा फुलं धरली की तिथे पंप न्यायचाच नाही. एखादी रानमोडी डोकं वर काढतेय असं दिसलं, तर ती कोयत्याने छाटायची आणि बुंध्याला ब्रशने तेवढंच औषध पुसायचं. ओढ्याच्या काठाने दहा पावलं सोडायची, तिथे काही झालं तरी थेंब पडू द्यायचा नाही. शनिवारी काम बंद, कारण बाईंचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. चौथ्या वर्षी पहिल्या पट्ट्या अशा फुलल्या की रस्त्याने जाणारे थांबून फोटो काढू लागले.

तर यंदा गणपतीत बाईंचे जुने विद्यार्थी मुंबईहून फुलं बघायला यायचे ठरले. बाई म्हणाल्या, “मोरू, तुम्हीच सांगा त्यांना सगळं. मी बोलले तर व्याख्यान होईल.” मुलगा प्रणित कंपनीत शिफ्टला जातो, त्याने बापासाठी पांढरा सदरा आणला. नवी सून शीतल हिने त्याला इस्त्री करून दिली. शीतल पेणजवळच्या गागोदे बुद्रुकच्या वाडीतली. वैशाखात लग्न होऊन आलेली, कमी बोलणारी. सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि त्याच्या ताटात भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची.

कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी चांगली उघडीप मिळाली म्हणून मोरूने पुढच्या वर्षीची नवी पट्टी मारून घेतली. त्या पट्टीत रानमोडीबरोबर कमरेएवढा तेरडाही माजला होता, पण पट्टी मारायची म्हणजे सगळीच मारायची. संध्याकाळी अठराच्या अठरा फडकी बांधून तो घरी आला. इथवर सगळं त्याच्या शिस्तीत चाललं होतं.

रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून तो जागेवर पोहोचला आणि त्याला ती फडकी दिसली. रोज दिसायची तशी नाही, मुंबईच्या माणसांना दिसतील तशी. विटलेली, कडांनी दोरे लोंबणारी, एकावर तर जरीची झिजलेली किनार. लुगडं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. गाड्यांतून उतरणारे साहेबलोक विचारतील, हे काय? आणि आपण काय सांगायचं, बायकोचं लुगडं? मोरूचे कान तापले. गाड्या फाटकाशी आल्या तसा तो भराभरा एकेक काठी उपटत गेला आणि सगळी फडकी पंपाच्या पिशवीत कोंबून मोकळा झाला.

मग तो बोलला, आणि झकास बोलला. वारा कसा बघायचा, हातमोजे का घालायचे, पाण्यापासून किती लांब राहायचं, सगळं. शेवटी म्हणाला, “आनि औषद मारलं का निशानी लावायची. वाडीतल्या बाया भाजीला फिरतात, त्यांना कलाया पायजे.” एका मुलीने विचारलं, “निशाणी कशी असते, काका? कुठे आहे?” मोरूने पंपाची पिशवी पायाने मागे सरकवली. “आता काय कुठं मारलेलं नाय,” तो म्हणाला. त्याच्या पाठीमागे वीस पावलांवर मारलेली पट्टी हिरवीगार डोलत होती. टाळ्या पडल्या. बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि त्या पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेल्या.

टाळ्यांनी माणूस बहकतो. चहापोहे झाले, फोटो झाले, कुणी त्याचा नंबर घेतला. फडकी परत बांधायची आहेत हे मोरूच्या ध्यानात होतं, पण पाहुणे दुपारपर्यंत हलेनात, आणि त्यांच्या देखत पिशवी उघडायची त्याला लाज वाटली. उद्या बांधू म्हणून तो घरी गेला. सोमवारी गौरी यायच्या होत्या. पारीने सकाळीच सामानाची यादी हातात देऊन त्याला रोह्याच्या बाजारात पिटाळलं, आणि फडकी राहून गेली ती राहूनच गेली.

आमच्या भागात गौर म्हणजे तेरडा. मुळासकट उपटलेली फुललेली रोपं, त्यांची जुडी बांधून ती वाजतगाजत घरी आणायची. घरात नवी सून असली की तो मान तिचा. सोमवारी दुपारी शीतल वाडीतल्या पोरींबरोबर गेली. बाकीच्या जणी डोंगराच्या बाजूला वळल्या. शीतलला सासऱ्याच्या हातच्या रानाचा अभिमान, ती नाओमीबाईंच्या जागेत गेली. आणि नव्या पट्टीतला तो कमरेएवढा, गुलाबी फुलांनी लगडलेला तेरडा तिने उपटून आणला. इतकी देखणी गौर वाडीत कुणाचीच नव्हती. पारीने तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारणींना हाका मारमारून गौर दाखवली.

मंगळवारी सकाळी पूजेला उठले तर गौर मान टाकून बसलेली. पानं पिवळी, देठ मऊ, फुलं गळून पाटावर पडलेली. उपटलेला तेरडा थोडा मलूल होतोच, पण पाणी शिंपडलं की सावरतो. हा सावरेना. शेजारणी गोळा झाल्या, आणि शेजारणी गोळा झाल्या की बोलणं आलंच. एक म्हणाली, असं कदी झालेलं नाय. दुसरी म्हणाली, नवीन पायगुण हाय, काय बोलायचं.

मोरू दारातच उभा होता. पिवळ्या पानांकडे बघताक्षणी त्याला कळलं. असा तेरडा त्याने हजारदा पाहिला होता, पण पाटावर हळदीकुंकू लावलेला कधी नाही.

“कुठचा तेरडा आनलास गो?” पारीने सुनेला विचारलं.

“बाईंच्या जागेतला,” शीतल हळूच म्हणाली. “नव्या पट्टीतला.”

“औषद मारलेलं नसंल ना तिथं?” शेजारीण मध्येच बोलली.

“फडकं होतं का?” पारीने विचारलं.

“नव्हतं. चारी बाजू बगितल्या. लाल कायच नव्हतं.”

“मंग औषद कुठनं असंल?” पारी ठसक्यात म्हणाली. “ह्यांचं फडकं बावीस वर्सांत चुकलेलं नाय. दुसरंच कायतरी हाय.” आणि तिने शीतलकडे असं बघितलं की त्या पोरीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण फडकी का नव्हती, हे सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागणार होतं. तुझ्या लुगड्याची मला लाज वाटली म्हणून. ज्या बाईने आताच, एवढ्या बायकांसमोर, त्याच्या नावाने छाती पुढे काढली होती, तिला हे सांगायचं. मोरूने पंपाचं निमित्त केलं आणि मागच्या पडवीत जाऊन बसला. पिशवी कोपऱ्यात खुंटीला होती. तिच्याकडे पाठ करून तो बसला.

तो दिवस त्याला खायला उठला. घरात शीतल भांडी घासत होती आणि तिच्या हातून कुणी पाणीसुद्धा घेत नव्हतं. दुपारी प्रणित शिफ्टहून आला, आईचं ऐकलं आणि बायकोशी एक शब्द न बोलता झोपला. मोरूला सगळं दिसत होतं. आपण औषधाबद्दल जगाला शिकवतो आणि आपल्याच घरात हे कसलं विष पसरू देतोय, हे त्याला कळत होतं. तरी तो उठत नव्हता. स्वतःचीच किळस यावी असा तो दिवस होता.

चार वाजता शीतलचे वडील आले. बाबाजी त्यांचं नाव. लेकीची पहिली गौर म्हणून गागोद्याहून एसटी बदलत आलेले, हातात साडीचोळीची पिशवी. त्यांनी आत येऊन पाटाकडे बघितलं आणि पिशवी हातातच राहिली. पारी म्हणाली, “बाबाजी, राग मानू नका. पोरीला चार महिने घेऊन जा. देवीला चाललेलं नाय. मागनं बगू.”

बाबाजींनी वाद घातला नाही. गरीब माणूस, लेकीचा बाप. ते शीतलला एवढंच म्हणाले, “कपडे भर गो.” शीतल उठली. रडली नाही, एका शब्दाने काही म्हणाली नाही. पडवीतून जाताना तिने मोरूकडे एकदा बघितलं आणि ट्रंकेकडे वळली.

ती नजर मोरूला सहन झाली नाही. तो उठला, खुंटीवरची पिशवी काढली आणि पुढच्या खोलीत गौरीसमोर उपडी केली. लाल फडक्यांचा ढीग पडला.

“शुक्रवारी मी मारली ती पट्टी,” तो म्हणाला. “फडकी मी बांधली होती. रविवारी मीच काडली. पोरीचा काय दोष नाय. तिनं माझ्यावर भरवसा ठेवला, एवढाच तिचा गुना.”

“काडली?” पारीला समजेना. “का काडली?”

मोरूने बाबाजींकडे बघितलं, दाराशी जमलेल्या बायकांकडे बघितलं. आता मागे फिरायला जागा नव्हती. “मुंबईची मानसं येनार होती. तुजं लुगडं फाटकं दिसंल म्हनून. मला लाज वाटली.”

पारीने खाली वाकून एक फडकं उचललं. जरीच्या किनारीचं नेमकं. ते तिने गुडघ्यावर पसरून हाताने सारखं केलं. “बावीस वर्सं उन्हापावसात तुमच्यासाठी उभं होतं ते,” ती म्हणाली. “माजी लाज वाटली तर मला सांगायची होती. मी दुसरं फाडलं असतं.” मग ती उठून शीतलकडे गेली. तिचे हात धरून तिने तिला ट्रंकेपासून उठवलं. सकाळपासून आपणही काय काय बोललो, ते तिला आठवत असावं.

पुढचं मोरूने यंत्रासारखं केलं. शीतलला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. ही गौर ओढ्यात सोडायची नाही, शेळीच्या तोंडी लागू द्यायची नाही, असं सांगून बाईंच्या जागेत खड्डा खणला आणि तांब्याभर पाणी घालून तिला तिथे मातीत निरोप दिला. ओढ्याकाठच्या दहा पावलांत तेरडा स्वच्छ उभा होता. तिथला तेरडा उपटून शीतलने दुसरी गौर आणली. ती टवटवीत राहिली आणि बुधवारी सगळ्यांबरोबर ओढ्यात गेली.

नाओमीबाईंना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “फडकी नाहीत हे मी बघितलं होतं, मोरू. फोटोत बरं दिसतंय, असं मलाही वाटलं.” त्यानंतर बाईंनी वहीत लिहिलं: निशाणी लावल्याखेरीज फवारणी पूर्ण धरायची नाही. मोरूला ते वाचून दाखवलं. बावीस वर्षं तो हेच लोकांना सांगत होता.

पारी घरात बोलायची, पण मोजकं. जेवायला चला, पाणी तापलंय, एवढंच. नळावर ती आता फडक्यांचं नाव काढत नाही, असं कुणीतरी मोरूला सांगितलं. सांगणाऱ्याने गंमत म्हणून सांगितलं. मोरूने तेव्हापासून त्या बाजूने जायचं सोडलं.

नवरात्राच्या आधी पुन्हा उघडीप मिळाली. त्या पट्टीत तण परत उगवलं होतं, दुसऱ्यांदा मारायचं होतं. मोरूने पंप काढला, पण फडकी मागायला पारीसमोर जायचा धीर होईना. पडवीत तो उगाच नोझल पुसत बसला. तेवढ्यात शीतल आली. तिच्या हातात अठरा फडकी होती. धुतलेली, दोरे कापून कडा सुईने दुमडलेली, नीट घडी घातलेली.

“आईंनी आनि मी शिवली,” ती म्हणाली. “त्या म्हनाल्या, देऊन ये.”

मोरूने फडकी दोन्ही हातांनी घेतली. “पोरी, तुज्यावर लई अन्याव झाला माझ्यामुलं. सांजपर्यंत मी तोंड शिवून बसलो. तुला काय म्हाईत असनार, बिचारीला...”

“मला म्हाईत होतं, मामा.”

मोरूने मान वर केली.

“त्या दिवशी सकालीच. अंगनात सडा टाकायला बादली घ्यायला इथं आले, तवा पिशवीतनं लाल टोक बाहेर दिसत होतं. मी उघडून बगितलं.” शीतल पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. “वाटलं, तुमी बोलाल. मंग दुपार झाली. मंग बाबा आले.”

“मंग तू का नाय बोललीस?”

“तुमाला वाडीत सगली मानतात,” ती म्हणाली. “मी बोलले असते तर तुमची लाज गेली असती.”

एवढं बोलून ती आत भाकऱ्या थापायला गेली. मोरूने पंप पाठीला लावला आणि रानात गेला. वारा पडलेला होता. त्याने पट्टी मारली, ओढ्याची दहा पावलं सोडली, पंप तीन पाण्यांनी धुतला. मग काठ्या रोवून तो फडकी बांधायला लागला. रस्त्यावर एक गाडी थांबली, आतल्या माणसांनी काच खाली करून बघितलं. एकाने विचारलं, “हे लाल काय आहे हो?”

मोरूच्या हातात जरीच्या किनारीचं फडकं होतं. त्याची गाठ त्याने आवळली.

“माझ्या बायकोचं लगनाचं लुगडं हाय,” तो म्हणाला. त्याचे कान तापले होते, पण या वेळी लाज लुगड्याची नव्हती, स्वतःची होती.